गावाबाहेरच्यांचं मतदान

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात झालेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तू जर्मनीचे अनुभव सांग. अर्धा तास बोल. फोटो दाखवलेस तरी चालेल." मी हो म्हटलं, पण फोटो काही आणले नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण कळायला लागल्यापासून म्हणत आलो. मला योगायोगानं दोन्हीकडं राहायला मिळालं. गंमत अशी की तिकडं राहायला गेल्यापासून मी दोन्हीपैकी कुठंच मत दिलेलं नाही. तिकडं देता येत नाही, कारण मी तिथली नागरिक नाही. इकडं देता येतं, पण त्यासाठी विमानानं सेलूला यावं लागतं. हे असं का, याचा शोध घेता घेता मी बरीच पुढं गेले. तेच आज सांगणार आहे.

आणि हा फक्त माझ्या एकटीचा प्रश्न नाही. या मेळाव्यासाठी आपल्या मित्रांनी वर्गातल्या सगळ्यांचे पत्ते गोळा केले, ती यादी मी पाहिली. ५८ नावं. त्यातले तालुक्यात राहणारे १९. बाकीचे पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, हैदराबाद. तिघं सैन्यात आणि निमलष्करात, चौघं परदेशात. आणि पाच नावांपुढं पत्ताच नव्हता, नुसतं 'कारखान्यावर' असं लिहिलं होतं. त्या पाचांकडं मी शेवटी येते.

मतदार यादीचा कायदा १९५० चा आहे. त्याचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: 'सर्वसाधारण रहिवासी'. तुम्ही जिथले सर्वसाधारण रहिवासी, तिथंच तुमचं नाव. आता आपल्यापैकी पुण्यात फ्लॅट घेतलेले निम्मे लोक म्हणतील, "आमचं गावाकडं घर आहे की." तर कायद्याचं कलम २० स्वच्छ सांगतं की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. मात्र तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जातही नाही. म्हणजे पंधरा वर्षं हिंजवडीत राहणाऱ्यानं नाव तिकडं हलवलं पाहिजे, त्यासाठी फॉर्म ८ आहे, आणि एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी असता कामा नये. पुणेकरांचा विषय इथंच संपला. त्यांची अडचण आळसाची आहे, कायद्याची नाही. हसा, पण खरं आहे.

खरी अडचण दुसऱ्यांची. ज्यांचं गाव हेच आहे, पण मतदानाच्या दिवशी जे इथं असूच शकत नाहीत.

यात सगळ्यात आधी सैनिकांचा विचार झाला, आणि तो योग्यच होता. सैन्यातला माणूस जिथं तैनात आहे तिथला रहिवासी न मानता, तो सैन्यात नसता तर जिथं राहिला असता तिथला माना, असं याच कायद्यात आहे. त्याला म्हणतात सेवा मतदार. यात तिन्ही दलं आली, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस वगैरे आले, राज्याबाहेर पाठवलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आले. आणि एक गट आपल्या लक्षात येत नाही: परदेशात भारत सरकारच्या नोकरीवर असलेले लोक, म्हणजे वकिलातीतले कर्मचारी. या सगळ्यांना टपालानं मत देता येतं.

देता येतं म्हणजे कागदावर देता येत होतं. आपल्या वर्गातला मागच्या बाकावरचा आपला मित्र आज सुभेदार आहे. नाव घेत नाही, तो समोरच बसलाय आणि आत्ताच खाली बघायला लागलाय. त्यानं मला सांगितलं की नोकरीच्या पहिल्या बारा वर्षांत त्याच्या हातात मतपत्रिका वेळेवर पडली ती एकदाच. बाकी वेळा एक तर आली नाही, नाही तर निकाल लागल्यावर आली. "निकाल कळल्यावर मत द्यायचं म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षेला बसल्यासारखं," असं तो म्हणाला.

यात टपाल खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसांचं गणितच तसं आहे, आणि गणिताच्या सरांसमोर ते मांडायला मला आवडेल. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात. ती पक्की कधी होतात? अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की. त्याआधी मतपत्रिका छापताच येत नाही. आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती भरून परत आली पाहिजे. म्हणजे जायला, भरायला आणि यायला मिळून जेवढे दिवस मिळतात ते या दोन तारखांच्या मधले. २०२४ च्या लोकसभेला परभणीत माघारीचा दिवस ८ एप्रिल होता, मतदान २६ एप्रिलला आणि मोजणी ४ जूनला. टपालाला मिळाले ५७ दिवस, कारण देशभराचे सात टप्पे संपेपर्यंत पेट्या थांबल्या होत्या. त्याच वर्षी विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला, मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. मिळाले १९ दिवस. यात सेलूहून लडाखला जाणं, अभिलेख कार्यालयातून युनिटला, युनिटमधून पुढच्या चौकीवर, आणि तोच सगळा रस्ता उलट. बर्फ पडला तर विचारूच नका.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१४ च्या लोकसभेला देशात सव्वातेरा लाखांच्या वर सेवा मतदार नोंदलेले होते, आणि ग्राह्य मतपत्रिका परत आल्या चार टक्क्यांच्या आसपास. शंभर जवानांतल्या चौघांचं मत पोचलं.

मधल्या काळात २००३ साली एक दुसरा मार्ग काढला होता, प्रतिनिधीचा. जवानानं आपल्याच मतदारसंघात राहणाऱ्या एखाद्या माणसाला नेमायचं, आणि त्यानं केंद्रावर जाऊन दोन मतं द्यायची, एक स्वतःचं आणि एक जवानाचं. स्वतःच्या मताची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला, प्रतिनिधी म्हणून दिलेल्या मताची त्याच हाताच्या मधल्या बोटाला. आपल्या सुभेदारानं वडिलांना नेमलं होतं. काकांनी दोन्ही बोटं गावभर दाखवली. मी विचारलं, "मग तू सांगितलंस त्यालाच दिलं ना त्यांनी?" तर म्हणाला, "अगं, अजून सांगितलं नाही त्यांनी मला. विचारलं की म्हणतात, गुप्त मतदान असतं." आपण हसतो, पण या पद्धतीची उणीव त्या एका वाक्यात आहे. मत दुसऱ्याच्या हाती गेलं की ते तुमचं राहिलं का, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

मग २०१६ साली नियम बदलला, आणि इथं माझ्या धंद्याचा संबंध येतो. निवडणूक आयोगानं सी-डॅकच्या मदतीनं एक पद्धत बसवली. सी-डॅक म्हणजे आपल्या पुण्यातली, परम महासंगणकवाली संस्था. विचार साधा होता. रस्ता दुहेरी आहे, त्यातला एक तरी वाचवू. मतपत्रिका इथून तिकडं टपालानं न पाठवता संगणकावरून पाठवायची. नावं पक्की झाली की निवडणूक अधिकारी फाइल तयार करतो, ती कुलूपबंद असते. उतरवून घ्यायला ओटीपी लागतो आणि उघडून छापायला वेगळा पिन लागतो. म्हणजे कुणी वाटेत फाइल पळवली तरी तिचा उपयोग शून्य. पहिला प्रयोग झाला त्या वर्षी नोव्हेंबरात, पुदुच्चेरीतल्या नेल्लितोप्पे मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत.

परत येताना मात्र कागदच येतो, आणि तो कसा येतो हे ऐका, कारण मतं बाद होतात ती इथं. छापलेल्या मतपत्रिकेवर खूण करायची आणि ती आतल्या पाकिटात बंद करायची. सोबत एक घोषणापत्र असतं, त्यावर सही करून अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. ते पत्र आतल्या पाकिटात घालायचं नाही, बाहेर ठेवायचं. मग दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात. तिकीट लावायची गरज नाही. मोजणीच्या दिवशी पाकिटावरचे क्यूआर कोड तपासतात, घोषणापत्र बघतात, क्रमांक जुळले तरच आतलं पाकीट उघडतात. सही राहिली किंवा क्रमांक जुळला नाही की पाकीट न उघडताच बाजूला. आतलं मत कुणाला होतं हे कुणालाच कळत नाही. मला ही रचना फार आवडते. माणूस कोण हे तपासायचं पाकीट वेगळं, आणि मत कुणाला हे सांगणारं पाकीट वेगळं. ओळख आणि गुप्तता एकाच कागदावर कधी येऊ द्यायची नाही.

२०१९ च्या लोकसभेला १८,०२,६४६ सेवा मतदार नोंदले गेले आणि १०,८४,२६६ मतपत्रिका परत आल्या. साठ टक्के. चारवरून साठ. एका बाजूचा रस्ता वाचला तर एवढा फरक पडला. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही बनवलेल्या बहुतेक गोष्टींनी लोकांचा वेळ जातो, वाचत नाही. त्यामुळं हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

टपाली मतांनी फरक पडतो का, असं काल रात्री जेवताना कुणीतरी विचारलं. २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात काय झालं ते आठवा. यंत्रांची मोजणी संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मतानं पुढं होते. एका. टपाली मतांत कीर्तिकरांना १,५०१ आणि रवींद्र वायकरांना १,५५० मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. तिथं बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासाव्या लागल्या. टपाली मतांत निवडणूक कामावरचे कर्मचारी वगैरेही येतात, सगळे जवान नव्हेत. पण एखादी सही राहून गेली, याची किंमत काय असू शकते ते कळावं म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मैत्रिणींसाठी. सेवा मतदाराची पत्नी त्याच्याबरोबर राहत असेल तर तिलाही सेवा मतदार होता येत होतं. पण सैन्यात अधिकारी असलेल्या बाईच्या नवऱ्याला नाही, कारण कायद्यात शब्दच 'पत्नी' होता. अनेक वर्षं बायका सैन्यात अधिकारी होत्या, आणि कायद्याला अधिकारी म्हणजे पुरुषच वाटत होता. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथं 'पती किंवा पत्नी' असा अर्थ आणला, तो १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. आपल्या वर्गातल्या एकीची लेक आता लष्करात जायची तयारी करते आहे. जावईबापूंची सोय झालेली आहे, तिला सांगा.

आता आम्ही, म्हणजे परदेशातले.

२०१० पर्यंत आमची अवस्था अशी होती की नोकरीसाठी परदेशात गेलात की सर्वसाधारण रहिवासी राहिला नाहीत, म्हणून यादीतून नाव गेलं, म्हणून मत गेलं. पासपोर्ट भारताचा, मत कुठलंच नाही. २०१० साली कायदा दुरुस्त झाला, कलम २०अ आलं, आणि २०११ च्या फेब्रुवारीपासून आम्हाला नाव नोंदवता यायला लागलं. अट एवढीच की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. ओसीआय कार्ड असलेल्यांना मत नाही, हे अमेरिकेतल्या आपल्या दोघांनी लक्षात ठेवावं, कारण कालच त्यांच्यात वाद चालला होता.

फॉर्म ६अ भरायचा. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, त्या पत्त्यावर नाव लागतं. मी २०२२ च्या दिवाळीत इथं आले तेव्हा भरला. यादी सांभाळणाऱ्या बाई घरी चौकशीला आल्या, त्या शिक्षिका होत्या. आईला म्हणाल्या, "काकू, असा फॉर्म मी पहिल्यांदाच बघतेय. ही इथं राहत नाही हे तुम्हीच सांगताय, आणि तरी नाव इथंच लावायचं?" आईनं सांगितलं, "हो. राहत नाही, पण इथलीच आहे." कलम २०अ चं याहून सोपं स्पष्टीकरण मी अजून वाचलेलं नाही.

नाव लागलं. आम्हाला मतदार ओळखपत्र मिळत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर जायचं, तो दाखवून मत द्यायचं. आणि 'जायचं' हा शब्द महत्त्वाचा. टपाल नाही, प्रतिनिधी नाही, वकिलातीत पेटी नाही. २६ एप्रिल २०२४ च्या शुक्रवारी सेलूच्या शाळेत उभं राहायचं, एवढाच मार्ग. जाण्यायेण्याचं तिकीट साठ हजारांच्या पुढं होतं, मुलीची परीक्षा चालू होती. मी आले नाही.

आणि मी एकटीच आले नाही असंही नाही. त्या निवडणुकीत देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष येऊन मत दिलेले २,९५८. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. आखाती देशांतून केरळ जवळ आहे, जाणं-येणं सतत असतं, आणि तिथले पक्षही त्यासाठी धावपळ करतात. आपल्या महाराष्ट्रात नोंदलेले ५,०९७. मत दिलेले सतरा.

सतरा. आपल्या एका बाकाच्या रांगेत याहून जास्त पोरं बसायची. उरलेल्या ५,०८० मधली मी एक.

याउलट, आमच्या भागाचं काम म्यूनिकचा भारतीय वाणिज्य दूतावास बघतो. तिथं भारत सरकारच्या नोकरीवर गेलेला कारकून सेवा मतदार असतो, त्याला तिथं बसून टपाली मत देता येतं. तोही भारतीय, मीही भारतीय, दोघं एकाच रांगेत उभं राहून ब्रेड घेतो. फरक पगार कोण देतं एवढाच. मला त्याचा हेवा वाटत नाही. पण पाच टक्केसुद्धा येऊ शकत नाहीत असा हक्क देऊन ठेवण्यात काय अर्थ आहे, हा प्रश्न मला पडतो.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं की परदेशस्थ भारतीयांनाही जवानांसारखा प्रतिनिधी नेमता यावा. राज्यसभेत ते आलंच नाही, आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयकही गेलं. खरं सांगायचं तर मला त्याचं दुःख नाही. सुभेदाराच्या वडिलांची गोष्ट आठवा. जवानाच्या बाबतीत नाइलाज म्हणून ते समजू शकते; लाखो परदेशस्थांची मतं गावातल्या कुणाच्या तरी हातात देणं म्हणजे मतांचा बाजार मांडायला जागा करून देणं. २०२० च्या नोव्हेंबरात निवडणूक आयोगानं कायदा मंत्रालयाला लिहिलं की जवानांची संगणकी टपाली पद्धत परदेशस्थांनाही लागू करायला आम्ही तांत्रिकदृष्ट्या तयार आहोत. हा मार्ग मला पटतो. पाच वर्षं झाली, तो अजून उघडलेला नाही. त्यात अडचणी आहेत. घोषणापत्रावर साक्ष कुणाची घ्यायची? वकिलातीची म्हटलं तर मला म्यूनिकला जायला रेल्वेनं दोन-सव्वादोन तास लागतात, आणि आखातात बांधकामावर असलेल्या, पासपोर्ट मालकाकडं अडकलेल्या आपल्या माणसाला कोण सुट्टी देणार?

इथं तरुण मंडळी विचारतात, "मॅडम, एवढं कशाला? ॲप काढा, बोटानं मत द्या. बँकेचा व्यवहार चालतो की." एस्टोनियानं २००५ पासून इंटरनेटवरून मतदान सुरू केलं आहे, हे खरं. छोटा देश, प्रत्येकाकडं सरकारी डिजिटल ओळखपत्र. पण बँकेचं उदाहरण इथं लागू पडत नाही. बँकेत चूक झाली तर ती सापडते, कारण व्यवहार कुणाचा आणि किती हे दोन्ही नोंदलेलं असतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही पासबुक बघता. मताचं पासबुक असूच शकत नाही. मत कुणाला गेलं हे तुमच्या नावापुढं नोंदवलं की गुप्तता संपली. आणि नोंदवलं नाही, तर चूक झाली हे शोधायचं कशावरून? कागद असेल तर तो पुन्हा मोजता येतो. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २००९ साली तिथली मतदान यंत्रं याच मुद्द्यावर नाकारली: सामान्य माणसाला, तज्ज्ञ नसताना, मोजणी पारखता आली पाहिजे. माझ्या धंद्यातले बहुतेक अनुभवी लोक इंटरनेट मतदानाच्या बाबतीत सगळ्यात जास्त बिचकतात. डॉक्टर जसे स्वतःच्या ऑपरेशनला बिचकतात तसे.

आणि टपाल म्हणजे मागासलेपण असंही नाही. जर्मनीत २०२१ च्या निवडणुकीत जवळजवळ निम्म्या मतदारांनी, ४७ टक्क्यांनी, टपालानं मत दिलं. माझी शेजारीण स्वयंपाकघरात बसून मत देते. पण दिवसांचं गणित त्यांनाही चुकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथं मुदतपूर्व निवडणूक झाली, मधले दिवस कमी झाले, आणि परदेशात राहणाऱ्या कितीतरी जर्मनांना मतपत्रिका इतक्या उशिरा मिळाल्या की परत पोचल्याच नाहीत. अमेरिकेनं २००९ च्या कायद्यानं ठरवून टाकलं की सैनिक आणि परदेशातले नागरिक यांच्या मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी निघाल्याच पाहिजेत. आपल्याकडं माघार ते मतदान यांच्यात कायद्यानं किमान १४ दिवस लागतात, आणि विधानसभेला मोजणी दोन-तीन दिवसांत उरकते. मोजणी आणखी आठ दिवस पुढं ढकलली तर किती पाकिटं वेळेत पोचतील, याचा विचार व्हायला हवा. निकालाची घाई आपल्याला असते, चौकीवरच्या माणसाला नसते.

आता ती पाच नावं, 'कारखान्यावर' लिहिलेली.

परवा परभणीहून येताना रस्त्यानं ट्रॅक्टर दिसले. ट्रॉलीत भांडी, पेंढा, गोधड्या, वर बसलेली पोरं. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर, सगळीकडून लोक निघालेत. दिवाळी झाली की उचल घेतलेली असते, मुकादम सांगेल त्या कारखान्यावर जायचं. सांगली, कोल्हापूर, पलीकडं बेळगाव. नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहायचं. आपल्या वर्गातही दिवाळीनंतर काही बाक रिकामे व्हायचे. गुरुजी हजेरी घेताना त्या नावांवर थांबायचे नाहीत, पुढं जायचे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यातलेच पाच जण आज कोयत्यावर आहेत, किंवा मुकादम झालेत. आज ते आले नाहीत, कारण तारीखच अशी धरली गेली.

२०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि गळीत हंगाम सुरू करायची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. त्यावर ओरड झाली, कोर्टापर्यंत विषय गेला. लाखो माणसं मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रापासून दोनशे-तीनशे किलोमीटरवर. कायद्यानं हे लोक आपल्या गावचेच रहिवासी आहेत, कारण ते तात्पुरते बाहेर आहेत. नाव यादीत आहे, ओळखपत्र खिशात आहे. पण टपाली मताचा हक्क ज्यांना आहे त्यांची यादी बघा: सैनिक, वकिलातीतले कर्मचारी, निवडणूक कामावरचे लोक, अत्यावश्यक सेवेतले लोक, ८५ वर्षांवरचे वृद्ध, दिव्यांग. प्रतिबंधात्मक कोठडीत ठेवलेल्या माणसालासुद्धा टपाली मत आहे. ऊसतोड मजुराला नाही.

मग होतं काय? उमेदवार गाड्या पाठवतो. मतदारांना फुकट वाहनानं केंद्रावर नेणं हा कायद्यानं भ्रष्ट मार्ग आहे, पण रात्री टेम्पो भरून येतात हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याची गाडी, त्याचं मत. आणि ज्या तांड्याला गाडी येत नाही त्याचं मतच नाही.

निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे उमेदवार दाखवता येतील, म्हणजे कोल्हापुरात बसलेल्या मजुराला जिंतूरचा आमदार निवडता येईल. १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांना दिल्लीत बोलावलं. पक्षांनी हरकती घेतल्या: स्थलांतरित कोण हे ठरवणार कसं, दुसऱ्या राज्यात आमचे प्रतिनिधी कुठून बसवणार. हरकती खोट्या नव्हत्या. २०२४ च्या निवडणुका त्या यंत्राविनाच झाल्या.

मी गेली दोन वर्षं अनिवासी भारतीयांच्या मताबद्दल बोलत आले, लिहीत आले. ही यादी हातात आल्यावर माझं मत बदललं नाही, पण क्रम बदलला. माझ्याकडं साठ हजार नव्हते असं नाही. मी ते खर्चायचे नाही असं ठरवलं. कोपीत राहणाऱ्याला ठरवायलाच कुणी विचारलेलं नाही. आम्ही परदेशातले न्यायालयात गेलो, मंत्र्यांना भेटलो, संसदेत विधेयकं आली. ऊसतोड मजुरांचं विधेयक आलं नाही. जवानांची पद्धत पुढं कुणाला लागू करायची असेल, तर माझ्या आधी त्यांना लागू व्हावी असं मला वाटतं. आणि ते अवघडही नाही. साखर कारखान्यावर किती टोळ्या आहेत, कुठल्या गावच्या आहेत, हे मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या करारात लिहिलेलं असतं. जवानाचं युनिट असतं तशी ही टोळी असते. फक्त साक्षांकन मुकादमाच्या हाती देऊ नये. ज्याची उचल घेतली त्याच्यासमोर खूण करायची म्हटली तर ती गुप्त कसली? तलाठी किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी ते करावं. सर, तुमचा आणखी एक व्याप वाढवते आहे, माफ करा.

तोवर जे हातात आहे ते करू. जेवणानंतर मी प्रयोगशाळेत लॅपटॉप घेऊन बसणार आहे. परदेशातून आलेल्या चौघांनी पासपोर्ट आणा; फोटोचं पान, पत्त्याचं पान आणि व्हिसाचं पान लागेल, ६अ पंधरा मिनिटांत होतो. पुणेकरांचा ८ होईल. सुभेदार, तुझा बायकोसकटचा फॉर्म तुझ्या कार्यालयातूनच जाईल, पण यादीत नाव बरोबर आहे का ते बघून घेऊ. आणि त्या पाचांपैकी कुणाचा कुणाकडं फोन नंबर असेल तर मला द्या. मला त्यांच्याशी बोलायचं आहे. २०२४ ला ते आले होते का, कुणाच्या गाडीनं आले होते, आणि नसतील आले तर त्या दिवशी कुठल्या फडात होते.